बेपत्ताचं पत्र

देवास गेटच्या बसस्टँडसमोर एका जिन्यावरच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर काम करते. २००३ साली गावात ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. रामघाटावरचे आमचे उपाध्याय भय्यासाहेब तरी मागे कसे राहणार? यजमानांच्या जुन्या वह्या घेऊन आले. तीन महिने खपून मी त्या कॉम्प्युटरच्या एक्सएमएल नावाच्या साच्यात भरल्या. डोळे फुटायची वेळ आली.

मग पत्रं काढायची होती. वहीत प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे शेरा होता. शेरा 'हयात' असेल तर आशीर्वादाचं पत्र, 'दिवंगत' असेल तर घरच्यांना पितृपक्षातल्या तिथीचं. त्यासाठी एक्सक्वेरी नावाची नवी भाषा शिकले, या वयात! त्या भाषेची एक खोड आहे. 'असं असेल तर हे' एवढं लिहून भागत नाही, 'नसेल तर काय' तेही सांगावंच लागतं.

"दोन्हीतलं काहीच नसेल तर?" मी भय्यासाहेबांना विचारलं.

"अहो सुलभाबाई, माणूस एक तर आहे, नाही तर गेला. तिसरं काय असतं? 'हयात' नाही त्या सगळ्यांना तिथीचं पत्र धाडा. फालतू झंझट नको."

मीही कंटाळले होते. तसंच लिहून टाकलं.

छापलेल्या पत्रांच्या घड्या घालताना एक हातात आलं. रजनीवहिनीच्या नावाचं. 'आपले पती कै. शरच्चंद्र यांची तिथी ठाऊक नसल्याने सर्वपित्री अमावास्येस रामघाटावर यावे.'

शरददादा माझा सख्खा थोरला भाऊ. गेल्या सिंहस्थात गर्दीत गेला, तो परत आलाच नाही. अकरा वर्षं झाली. वहीत त्याच्यापुढे 'बेपत्ता' असा शेरा होता, मीच तो टाइप केला होता, आणि शर्त लिहिताना विसरले. स्वतःचीच चीड आली. वहिनी अजून रोज कुंकू लावते. तिच्या हातात हे पडलं असतं तर?

पत्र फाडलं. एक्सक्वेरीत आणखी एक शर्त घातली: शेरा 'बेपत्ता' असेल तर रिकामा कंस. म्हणजे काहीच काढायचं नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना बऱ्याच दिवसांनी मला हलकं वाटलं.

आठवड्यानं वहिनी जिना चढून आली. धापा टाकत होती.

"शेजारच्या उषाकडे भय्यासाहेबांची चिठ्ठी आली. मला का नाही गं आली?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "तुमचीही निघाली होती वहिनी. दादाला 'कै.' लावून. मी फाडली."

ती रडेल, चिडेल असं वाटलं होतं. तिनं माठातलं पाणी घेतलं, घोट घोट प्यायली.

"कशाला फाडलीस? थकले गं मी, सुलभा. रोज कुंकू लावताना वाटतं, कुणी तरी सांगावं, बस, हो गया अब. माझ्या तोंडून निघत नाही. तुझ्याही निघत नाही. वाटलं, मशीन तरी सांगेल."

तिनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"मग माझ्यासाठी काय लिहिलंयस त्यात?"

"काहीच नाही."

"तेच तर येतंय घरी," ती म्हणाली, "अकरा वर्षं."