पाऱ्याचा धूर

भोरच्या सोनारांच्या दुकानांत झाडलेली धूळ याकूब विकत आणायचा. ती धुवायची, पाऱ्यात घोळायची, फडक्यातून पिळायची आणि उरलेला गोळा शेगडीवर तापवायचा. पारा उडून जाई, सोन्याचा कण मागं राही. शेगडी स्वयंपाकघरातच होती. त्याची बायको अजीजुन्निसा बावीस वर्षं तिथंच भाकऱ्या थापत आली.

वर्षभरापूर्वी याकूबचे हात थरथरायला लागले. चहा बशीत येईपर्यंत अर्धा सांडायचा. ताटली पडली तरी तो ओरडून उठे. कुणी दारात आलं की आत दडून म्हणे, "मी न्हाई म्हणून सांग."

त्याला सांभाळता सांभाळता अजीजुन्निसाचाही जीव मेटाकुटीला आला. झोप उडाली. एकदा भाजी करपली, एवढ्यावरून तिनं लेकीला, सदफला, उलथनं फेकून मारलं. कपाळाला खोक पडली. "ह्यांच्यापायी माजं डोकं ठिकाणावर ऱ्हात न्हाई," म्हणत तिनं पोरीला कापूरहोळला आपल्या भावाकडं, खालिदकडं, धाडलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी नवराबायको दोघांचीही लघवी तपासली. कागद बघून ते अजीजुन्निसाकडंच वळले. "ताई, तुमच्या अंगात यांच्यापेक्षा जास्त पारा आहे."

"मला काय झालंय? आजारी हे हायेत."

"राग येतो? रडू येतं?"

तिनं नुसती मान हलवली.

"ताण आला की मेंदूच्या पेशी स्वतःला सावरून धरतात. पारा नेमकी तीच ताकद मोडतो. मग भांडं वाजलं तरी मेंदूला वाटतं, जीवावर बेतलंय."

"बरं हुईल का?"

"हाताचा कंप कमी होईल. बाकीचं सांगता येत नाही."

धंदा त्याच आठवड्यात बंद झाला. शेगडी भंगारात गेली. महिनाभरानं अजीजुन्निसा एसटीनं कापूरहोळला गेली. खालिदच्या गॅरेजबाहेर बाकड्यावर तिनं सदफला जवळ बसवलं, कपाळावरच्या वणावरून बोट फिरवलं. "ती मी न्हवते गं. पारा हुता त्यो. आता चल घरी."

सदफचे डोळे भरले. आत जाऊन ती पिशवी घेऊन आली.

तेवढ्यात गॅरेजात लोखंडी पाना फरशीवर आदळला. अजीजुन्निसा दचकून उठली आणि काही कळायच्या आत तिचा हात सदफच्या गालावर बसला.

पोरगी ओरडली नाही. चार पावलं मागं सरकून मामाच्या आड उभी राहिली.

"अम्मी, तू जा," ती म्हणाली.

खालिद बहिणीला भोरच्या एसटीत बसवून आला.