मीपणाची तालीम

माझे सासरे हरिहर चाकणच्या एका कंपनीत जनरल मॅनेजर होते. निवृत्तीनंतर त्यांनी अहंकार सोडायचं ठरवलं आणि तसं आम्ही राहतो त्या सगळ्या निगडी प्राधिकरणाला कळवलं. संतांच्या कूट रचनांवर त्यांनी पुस्तक लिहिलं: 'मीपणाचा लय'. टाइप मी केलं. मुखपृष्ठावर कोणतं चित्र हवं, असं विचारलं, तर स्वतःचा फोटो दिला.

प्रकाशन निगडीच्या एका सभागृहात झालं. भजनापुरतं म्हणून मावळातल्या चिमाजींना बोलावलं होतं. सत्तरीचे, अंगाने काटक शेतकरी. त्यांनी गावाकडचं एक पद म्हटलं:

घागर बुडाली घागरीत, काठावर राहिलं पाणी,
मुकी बोलली बहिरीशी, तिनं ऐकली सारी गाणी.

सभागृह एकदम शांत झालं. मग बाबा, म्हणजे माझे सासरे, उठले. घागर म्हणजे देह, पाणी म्हणजे चैतन्य, मुकी म्हणजे परावाणी, असं चाळीस मिनिटं समजावत राहिले. कंपनीतल्या मीटिंगसारखी पडद्यावर आकृतीही दाखवली. लोक मोबाइल काढून बसले.

शेवटी एका बाईंनी चिमाजींनाच विचारलं, "आजोबा, तुमच्या मते अर्थ काय याचा?"

चिमाजी संकोचले. "न्हाई ठावं, ताई. आज्यापासनं म्हनतोय आमी. कवा इचारलंच न्हाई. म्हनताना बरं वाटतं, एवढंच."

लोक मनापासून हसले, टाळ्या वाजल्या. त्या थांबेचनात. बाबांचा चेहरा काळवंडला.

"अडाणी माणूस!" घरी आल्यावर ते ओरडले. "माझ्याच कार्यक्रमात माझा अपमान! कुणी आणला त्याला?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला तो आठवडा फार सुखाचा गेला. मग एके सकाळी त्यांनी नवं भाषण टाइप करायला दिलं. पहिलंच वाक्य होतं: 'मला काहीही ठाऊक नाही.' पुढे कंसात 'इथे थांबणे'. दुपारी ते आरशासमोर उभे राहून डोळे मिटत होते, मान किती झुकवायची ते बघत होते. माणूस इतका खुजा असू शकतो, हे मला सासरी येऊन कळलं.

भाषण चाकणला, त्यांच्याच जुन्या कंपनीत होतं. चिमाजींना बोलावणं नव्हतं. "मला काहीही ठाऊक नाही," बाबा म्हणाले, थांबले, मान झुकवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन इंजिनीअर तर पाया पडले.

परतताना गाडी मी चालवत होते. बाबा शाल मांडीवर घेऊन बसले होते.

"वर्षाली, थांबलो ते पुरेसं होतं का गं?"

"अजून थांबायला हवं होतं, बाबा. बोलला नसतात तरी चाललं असतं."

टोमणा त्यांना कळलाच नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"किती सेकंद?"

"दहा," मी म्हटलं आणि तळवड्याच्या चौकात गाडी निगडीकडे वळवली.