कोपऱ्यातलं नाव

"चेहरा पुसट उमटतोय, बारेन्ट. रेघा जरा खोल करून द्या," म्हणत टिडेमानने छपाईचा कोरीव तांब्याचा पत्रा टेबलावर ठेवला. हार्लेममध्ये छापील चित्रांचं त्याचं दुकान सर्वांत मोठं, आणि पोटही दुकानाला साजेसंच.

बारेन्टने पत्रा उजेडाकडे धरला. त्यावर होती खिडकीशी बसून लेस विणणारी आल्त्ये, त्याची बायको. ती आजारी पडली त्या हिवाळ्यात पत्रा टिडेमानला विकावा लागला. ती काही वाचली नाही. छापून छापून आता रेघा झिजल्या होत्या. झिजलेला पत्रा ज्याने कोरला त्याच्याकडेच परत येतो, दुसऱ्याचा हात त्यावर बसत नाही.

मग त्याची नजर खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथे कोरणाऱ्याचं नाव असतं. छाप सुलटा यावा म्हणून जन्मभर उलटी अक्षरं कोरलेल्या माणसाला ती वाचायला आरसा लागत नाही. त्याचं नाव घासून काढलं होतं. त्या जागी टिडेमानच्या जावयाचं होतं.

"हे कुणी केलं?"

"अहो, आमच्या लूकासचं जरा नाव व्हायला नको? पोरगी दिलीय त्याला."

"त्याला एक रेघ धड मारता येत नाही!"

"म्हणून तर तुमच्याकडे आणला!" टिडेमान हसला. "नाव काय पावाला लावून खाणार आहात? पत्रा माझा आहे. शनिवारी येतो."

बारेन्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी त्याने पत्रा ठेवून घेतला. त्याचाच त्याला जास्त राग आला. दुसऱ्यांनी काढलेली चित्रं तो आयुष्यभर मुकाट्याने कोरत आला होता. हे एकच त्याचं स्वतःचं होतं.

दार लागताच त्याने तांबं खरवडायची तासणी उचलून पत्र्याला लावली. ताकातली लापशी घेऊन आलेली त्याची मुलगी नेल्त्ये किंचाळली.

"बाबा! आईचा चेहरा आहे तो!"

"माहितेय. मीच कोरलाय."

"मग नुसतं नाव बदला ना!"

"पुन्हा पुसतील, चोर लेकाचे. त्या ठोंब्याच्या नावावर खपवतात तिला. माझ्या बायकोला!"

खिडकी गेली, लेस गेली. चेहऱ्याशी हात थांबला. नेल्त्येने तोंड फिरवलं. मग त्याने तोही तासला, आणि रडत रडत पत्रा घोटून गुळगुळीत केला.

शनिवारी टिडेमान आला. बारेन्टने लख्ख कोरा पत्रा त्याच्या हातात दिला. कोपऱ्यात तेवढं जावयाचं नाव होतं.

"हे काय करून ठेवलंत?"

"त्याचं होतं तेवढं ठेवलंय. बाकीचं माझं होतं."

टिडेमान शिव्या घालत निघून गेला. टेबलावर तांब्याचा कीस अजून तसाच पडला होता. बारेन्टने तो ओंजळीत गोळा केला. टाकायचा कुठे, ते त्याला कळेना.