मागच्या पेशंटचं वजन

मी एक जुना टॅबलेट आहे. गिळायचा नव्हे हो, बघायचा. काचेला तडा, पाठीला चिकटपट्टी, अशा अवतारात मी एका दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत वरच्या फळीवर पडून असतो.

मित्रांनो, माझ्या पोटात औषधांचं अख्खं पुस्तक आहे. कोणतं औषध किती द्यायचं, कशाबरोबर चालत नाही, सगळं. मी येण्याआधी इथे एक जाडजूड, पानं सुटलेलं पुस्तक होतं. मी आलो आणि त्याची रवानगी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली झाली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पेशंटचं वजन टाकलं की मी क्षणात डोस सांगायचो. डॉक्टर मला कौतुकानं 'मास्तर' म्हणत. मी फुगून गेलो होतो. मोठ्या सिस्टर तेवढ्या माझ्याकडे चष्म्यावरून बघायच्या. माझी एक खोड त्यांना ठाऊक होती. मागच्या पेशंटचं वजन मी आपणहून पुसत नसे. ते माणसानं पुसायचं.

एका दुपारी एक गवंडी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला उचलून धावत आला. तिला तापात झटके येत होते. डॉक्टरांनी घाईघाईनं औषधाचं नाव टाकलं. वजनाच्या चौकटीत सकाळी आलेल्या सुताराचे चौसष्ट किलो तसेच होते. मी चोख हिशेब केला, तो सुताराचा. मुलगी होती सोळा किलोंची.

मोठ्या सिस्टरांनी एक कुपी फोडून सिरिंजमध्ये ओढली. दुसरी हातात घेतली आणि थांबल्या.

"डॉक्टर, दुसरी कुपी लागतेय."

"मास्तर तेवढंच सांगतायत."

"मास्तरांनी पोरगी बघितलीय का? इतक्या वर्षांत लहान मुलासाठी ह्या औषधाची दुसरी कुपी मी फोडलेली नाही."

डॉक्टरांनी मला पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी जुना आकडा पुसला, सोळा घातले. सिस्टरांनी सिरिंजमधलं अर्धं औषध टाकून दिलं. उरलेल्या अर्ध्या कुपीत झटके थांबले. गवंडी मुलीची एक चप्पल हातात घट्ट धरून दाराशी उभा होता. मला तोंड असतं तर मी त्याची माफी मागितली असती.

डॉक्टरांनी संध्याकाळी त्याला स्वतःच सगळं सांगितलं. त्यानं हातातली चप्पल मुलीच्या पायात घातली. मग म्हणाला, "मी साधी भिंत बांधताना माप दोनदा घेतो, डॉक्टर."

त्याच दिवशी सिस्टरांनी माझ्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहिलं, 'आधी वजन पुसा. पेशंट बघा. मग विचारा.'

आता नवा टॅबलेट आलाय. तो दर वेळी वजन विचारतो, शहाणा आहे. मित्रांनो, तरी त्यालाही वेळच्या वेळी नवी माहिती भरवा, आणि तो सांगेल ते ऐकण्याआधी समोरच्या माणसावर एक नजर टाका. आम्हाला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो.

परवा ती मुलगी तपासणीला आली होती. सिस्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि का कोण जाणे, मला फळीवरून काढून वजन माझ्यातच टाकलं. अठरा किलो. डोस आता मला कुणी विचारत नाही, त्यामुळे तो आकडा तसाच राहिलाय. तेवढा एक कुणी पुसू नये, असं मला वाटतं.