पेशंट हौशीराम

गोरखदादा डॉक्टरकडं यायला तयारच न्हवता. महिना झाला, आळेफाट्याचं गॅरेज बंद, गडी भिंतीकडं तोंड करून पडलेला. झोप न्हाई. चार वर्षांची लेक जवळ आली की अंग आखडून घ्यायचा. तिला उचलून घेतलेलं आमी कधी बघितलंच न्हाई. वहिनीनं पिशवी भराय घेतली.

"भावजी, मी चालले पोरीला घिऊन माहेरी. बापाच्या पाठीसंगं किती बोलायचं तिनं?"

गंमत म्हणून ओतूरच्या यष्टीला नाशिकची पाटी लावणारा माणूस मी. म्हणलं, "वहिनी, गुरुवारपत्तोर थांबा."

जुन्नरात दर गुरुवारी मनाचा डॉक्टर यायचा. आदल्या दिवशी मी दादाच्या पायाशी बसून रडलो. डोळ्यात कांदा पिळला व्हता.

"दादा, मला येड लागलंय. एकट्यानं डॉक्टरकडं जायला भ्या वाटतंय."

तो उठून बसला. "येतो की. तुला तरी कोण हाय माझ्याबिगर?"

खरं सांगून टाकावं वाटलं. पण खेळ मांडलाय म्हणल्यावर मोडायचा कसा?

दवाखान्यात केसपेपरवर 'पेशंट हौशीराम' असं माझंच नाव लिवलं आन मी लई रंगलो. दादाची समदी दुखणी माझ्या नावावर खपवली. "झोप न्हाई, डॉक्टर. भूक न्हाई. पोर जवळ आली की अंग आखडतंय." दादा खाली फरशीकडं बघत बसलेला.

डॉक्टरनं विचारलं, "लहानपणी आई जवळ होती का?"

ह्याचं उत्तर मी पाठ करून आलो न्हवतो.

दसरा झाला की आय नगरकडं ऊसतोडीला जायची. मी ट्रकफुडं लोळण घ्यायचो, आभाळ फाटंल असा रडायचो. मग आय मला कडंवर घ्यायची. दादा रडायचा न्हाई. म्हणून त्याला मावशीकडं ठेवायची. रडणारं पोर ट्रकमधी, गप बसणारं मावशीच्या गोठ्यात. उन्हाळ्यात आमी परत आलो की मी आयच्या मांडीवर, आन दादा दाराच्या चौकटीला धरून उभा. जवळ यायचा न्हाई.

"नव्हती," मी पेशंटचं उत्तर दिलं.

"व्हती," दादा बोलला. "ह्याच्याजवळ व्हती. माझ्याजवळ न्हवती."

डॉक्टरचा पेन थांबला. "पेशंट नेमका कोण?"

"मी, साहेब. ह्यो नाटकी हाय. कांद्याचा वास कालच आला मला."

"मग आलात कसे?"

"ह्यो रडला की ह्याचं ऐकायचं. आमच्या घरात तशीच रीत हाय."

दादा हसत म्हणला. मला मातुर कुठं बघावं कळंना.

मग तोच हळूहळू बोलत गेला. "पोरीला उचलाय जीव लई करतो, साहेब. पण खाली ठेवताना ती रडली तर?"

डॉक्टरनं मला भाईर बसवलं. दादा आत बराच येळ व्हता. मी बूथवरनं वहिनीला फोन लावला. "पिशवी सोडा. गडी बोलला."

येताना यष्टीत दादाचं डोकं माझ्या खांद्यावर कललं, आन घोरायलाच लागला. दुसरं कोण असतं तर मी त्याच्या चपला मागच्या शिटाखाली लपवल्या असत्या.

कंडक्टर वरडला, "पावणं, तुमचा फाटा आला की! उतरायचं न्हाई का?"

"हळू बोला राव. गडी झोपलाय. फुडं आळेफाट्यापत्तोर दोन तिकिटं फाडा."

खांद्याला मुंग्या आल्या व्हत्या. येऊ दिल्या.