तेरानं भागून परत आलेला

रायपूर राजधानी झाली त्या वर्षी गुढियारीत मालधक्क्याजवळ अंकबाबांनी मंडप टाकला, आणि मेलेल्यांचा ठावठिकाणा विचारायला ही गर्दी लोटली.

मीनलला तिच्या सासूबाई, विनोदिनीबाई, ओढतच घेऊन आल्या होत्या. मीनलचा नवरा भार्गव दोन महिन्यांपूर्वी भनपुरीला ट्रकखाली गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी कडी वाजल्यासारखी वाटे आणि दोघी एकदम दाराकडे पाहत.

"घर का नंबर?" बाबांनी विचारलं.

"चारशे सोळा."

"दो बार लिखो. एक रहनेवालों का, एक जानेवाले का."

मीनलनं पाटीवर लिहिलं, ४१६४१६.

"सात जनम के सात से भाग दो." बाकी शून्य. "जो आया, उसे ग्यारहवें के ग्यारह से." शून्य. चौदा हवे असते तर बाबांनी चौदा भुवनंही काढली असती. "अब तेरवी के तेरह से."

बाकी शून्य, आणि उत्तर ४१६.

"तेरवी हुई, फिर भी घर लौट आया. बहू ने बाँध रखा है. बहू को मायके भेजो, छूट जाएगा."

घरी येताच विनोदिनीबाईंनी सुनेची पेटी काढली. "मले तुह्यावर राग नाही पोरी. पण तो अडकून राहिला न."

मीनलला हे घर सोडायचं नव्हतं. भार्गवचं तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो परत आलाय हे तिला हवंच होतं. म्हणून तिनं पुन्हा भागून पाहिलं. मग पलीकडच्या गल्लीतल्या घराचा नंबर दोनदा लिहिला, २०९२०९. उत्तर २०९. त्या नव्या घरात अजून कुणी राहायलाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सासूला घेऊन पुन्हा मंडपात गेली आणि तिनं तिथल्या चहावाल्याला विचारलं, "हिरालाल भैया, कोई भी तीन अंक बोलो."

"सात सौ इकतीस."

सर्वांसमोर तिनं ७३१७३१ तिन्ही आकड्यांनी भागलं. उत्तर ७३१.

"बाबाजी, ये कौन लौटा?"

"पूर्वज होगा," बाबा पुटपुटले. कुणीतरी हसलं, कुणी तळहातावर स्कूटरच्या नंबरातले तीन आकडे दोनदा लिहून भागू लागलं.

मीनल सासूकडे वळली. "तीन आकडे दोनदा लिहिले की ते एक हजार एकनं गुणले जातात. सात, अकरा, तेरा यांचा गुणाकारही एक हजार एकच. आधी गुणायचं, मग तेवढ्यानंच भागायचं. मूळ आकडाच येणार."

"मंग माहा पोट्टा आलाच नव्हता?"

आला होता, असं म्हणावंसं मीनलला फार वाटलं. "नाही, आई. मलेही वाटलं होतं, आला म्हणून."

विनोदिनीबाईंनी पाटी पुसली, मनातला आकडा दोनदा लिहिला आणि स्वतः भागला. शेवटी तोच आकडा परत आला तशा त्या सुनेचा हात धरून रडल्या.

भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. आकडा दाखवून कुणी घरचं माणूस बाहेर काढायला सांगितलं, तर आधी दुसरा आकडा घेऊन भागून पाहावं. दुःख त्यानं कमी होत नाही, पण ते एका घरात राहून सोसता येतं.