कोळशाला टोपण नसतं

निळं टोपण. बॉलपेनचं. क्लिप मोडलेली, टोकाच्या बारीक भोकातून ओवलेला काळा दोरा – तो आता तुटलेला – आणि त्या टोपणाभोवती एक मुंगी फिरत होती, आत जावं की नको हे ठरवत... वृषालीने ते गेरूच्या डब्याशेजारून उचललं तेव्हा ते कोमट होतं. उन्हाने असेल. पण काकीच्या गळ्यातून सकाळीच तुटून पडलेली वस्तू, इतकी वर्षं छातीला टेकून राहिलेली, ती कोमट असणारच की.

"वृषे, चुना कालवला का? सरपंचांचं दोनदा बोलावणं आलंय," आई आतून म्हणाली.

गोठ्यातून आवाज नव्हता. गुरं बाहेर, उंबराखाली उन्हात बांधलेली, आपली जागा कुणी घेतली हे न कळून पुन्हा पुन्हा गोठ्याच्या दाराकडे बघणारी. सरपंच काल ओट्यावर बसून म्हणाले होते, "गुरं बाहेर दिसली तरी चालतंय राव, माणूस नाय दिसलं पायजे." आणि सगळे हसले होते, आण्णासुद्धा. सकाळी आण्णा आणि नाना – म्हणजे वृषालीचे वडील आणि काका – दोघांनी मिळून काकीला गोठ्यात नेलं. काकी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कोळसा तेवढा ऱ्हाऊ द्या." नानांनी तिच्या मुठीतून तोही काढून घेतला, नवऱ्याने बायकोच्या पायातला काटा काढावा तितक्या हळू, आणि मग गाईचं दावं तिच्या कमरेला बांधलं.

वृषालीने टोपण दप्तरात टाकलं. नको, दप्तरात नको... फ्रॉकच्या खिशात.

आज रडायचं नव्हतं. आज तिचा दिवस होता! ग्रामस्वच्छतेची समिती येणार होती, आणि अख्ख्या गावात भिंतीवर लिहिण्याजोगं अक्षर एकटीचं, नववीतल्या वृषालीचं. सरपंच हौशीराम स्वतः दारात येऊन म्हणाले होते, "पोरी, गावाचं नाक तुझ्या हातात." जुन्नरच्या वक्तृत्व स्पर्धेतून कप आणल्यापासून ती रस्त्याच्या मधून चालायची, आधी कडेने, गटाराला चिकटून चालायची. म्हशी आल्या तरी आता ती बाजूला होत नसे. म्हशींनी व्हावं. मी कुणाला घाबरत नाही, हे ती आरशाला सांगायची, आणि आरसा मान डोलवायचा.

शांतीलाल शेठची डिंपल चुन्याची बादली घेऊन चावडीपाशी उभी होती, नाकाला रुमाल बांधून.

"काय गं, डाकू," वृषाली म्हणाली.

"चुना उडतो बाई डोळ्यात. तू लवकर चल. ती बघ, पहिलीच भिंत, तुमच्या काकीची."

चावडीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं: जगेल. त्यापुढे कुशाबा न्हाव्याच्या घरावर: जगेल. पिठाच्या गिरणीमागच्या नव्या खोलीवर, पोस्टाच्या पेटीखाली, कुंभाराच्या पडवीत... ज्या ज्या घरी गेल्या तीन-चार वर्षांत पाळणा हलला त्या त्या घराच्या भिंतीवर, आणि घर सापडलं नाही तर चावडीवर. सरपंचांचा हुकूम होता की काळं एकही दिसता कामा नये; वर चुना आणि चुन्यावर गेरूने घोषवाक्य.

डिंपलने चुन्याचा हात मारला. ओला चुना पाण्यासारखा, त्यातून काळं अक्षर तसंच वर आलं.

"वाळलं की झाकेल," वृषाली म्हणाली.

डिंपल मान वाकडी करून बघत होती. "खरं सांगू? रागावशील."

"सांग की."

"हा ज तुझा आहे. पोट गोल, शेपूट मागं वळलेलं. वर्गात असला ज दुसरं कोण काढतं? तुझ्या वहीतून उचलून चिकटवल्यासारखा." मग ती हसली. "येडीची शाळा तू चालवत होतीस काय गं?"

वृषालीही हसली. मोठ्याने. पण काडीचं टोक ठेचून केलेला कुंचला गेरूत बुडवताना तिला स्वतःचा हात दिसला – बोटं, नखातला चुना, मनगटावरचा तीळ – आणि पहिल्यांदा असं वाटलं की हा हात कुणीतरी दुसऱ्याने वापरून परत दिलेला आहे.

हो, चालवत होते. तिसरीत होते मी. काकी माझ्या पाटीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला यकच शबूद शिकीव." गावात साक्षरतेचे वर्ग चालायचे, बायका कंदिलाभोवती बसून आपलं नाव गिरवायच्या, पण काकीला प्रयागबाई नको होतं. तिला 'जगंल' हवं होतं. मी म्हटलं, शाळेत 'जगेल' लिहितात. तिने विचार केला, मनापासून, कपाळाला आठ्या घालून. "बोलायचं जगंल आन् लिवायचं जगेल? मंग सटवाईला कंचं कळतं?" मी म्हटलं, सटवाई शिकलेली असणार, नाहीतर कपाळावर लिहील कशी! काकी हसली होती. काकी हसायची, हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

मग मी तिचा हात धरून गिरवलं. तिच्या हातावर माझा हात. म्हणजे तो ज माझाच.

आणि त्याआधीचं... ते वृषालीला स्वतःला आठवत नव्हतं, ऐकून ऐकून आठवत होतं. काकीचा मुलगा. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद ठेवला, कागदावर नवं पेन. सटवाई रात्री येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, तिच्यासाठी. पेन शांतीलाल शेठच्या दुकानातून नानांनी आणलेलं, उघडं ठेवलं तर शाई वाळेल म्हणून टोपण लावून ठेवलेलं. सगळ्यांनी पाहिलं, कुणाला काही वाटलं नाही. नवव्या दिवशी बाळ गेलं, आणि आवराआवर करताना आजीच्या हाताला ते पेन लागलं. टोपणासकट. आजी म्हणाली, "लिव्हनार कशानं गं ती? तू आई व्हतीस का कोण व्हतीस?"

एवढंच. आजीही पुढे गेली. टोपण राहिलं.

"कोळशाला टोपण नसतं," काकी एकदा म्हणाली होती, काळी झालेली बोटं पदराला पुसत, अगदी शहाण्या माणसाने खताचा भाव सांगावा तसं.

लोकांना हा शब्द वाचता येत होता, हेच तर कठीण होतं. शिवी असती तर पुसून हसले असते. पण लेकरू जगेल असं मोठ्याने म्हणायचंच कशाला? म्हटलं की नजर लागते. बायका शेणाने सारवून टाकत, सारवण पोपडलं की काळं पुन्हा दिसे. पोरं तिच्यामागे ओरडत, "येरवड्याची गाडी आली, पळा!" आणि कुंभाराची मुलगी तापाने गेली तेव्हा सगळ्यांनी तिच्या पडवीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. बाकीची पोरं गावभर नागडी पळत होती, चिंचा चोखत होती, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

दुसरी भिंत. घोषवाक्य: जेवणाआधी हात धुवा. पहिलंच अक्षर ज.

तिने पोट सपाट काढलं. शेपूट कापलं. ज कुबड्या दिसायला लागला, पांगळा. तिसऱ्या भिंतीवर तर तो ज आहे की ज्वारीचं धाट हे कळेना. सरपंच मागून आले, पान चघळत.

"हाताला काय झालंय गं आज? कप कसा मिळाला तुला?"

"बोलण्याचा होता तो," वृषाली म्हणाली. "लिहिण्याचा नाही."

"बोलण्यात हाईस खरी." ते खुशीत होते. "आजचा दिस निघू दे. उद्या पहाटं संपत घिऊन जातोय तिला, नाशिकच्या पल्याड ठिकाण हाय. खांबाला बांधत्यात, सव्वा म्हैन्यात सुधारतं मानूस. न्हाई सुधारलं तर... तिथंच ऱ्हातं. गावाला तरी काय त्रास न्हाई."

संपत म्हणजे नाना. वृषालीच्या हातातून गेरू खाली गळत होता, पायाच्या अंगठ्यावर. उद्या... घरात कुणी बोललं नव्हतं. आईने सकाळी काकीचं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं, धुण्याचा दिवस नसताना. आता कळलं.

बोल ना, वक्तृत्ववाली! जिभेवर वाक्य होतं – तिला डॉक्टरला दाखवा, खांबाला कशाला? – पण डिंपल बघत होती, सरपंच बघत होते, आणि ज बघत होता.

"पुढची भिंत घ्या," सरपंच म्हणाले.

गोजरबाईच्या घराला चुना मारून झाला तेव्हा निरोप आला की समितीची जीप आळेफाट्यावर चहाला थांबलीय. गोजरबाईची सून हिरा बाळंत होती, मुलगी झालेली, दिवस भरायच्या आधीच. त्या भिंतीवर काळं काहीच नव्हतं. काकी तिथवर पोचलीच नव्हती. घोषवाक्य लिहायला वेळ उरला नाही. पांढरी भिंत तशीच सोडून त्या चावडीकडे पळाल्या.

साहेब जाडे होते आणि घामेजलेले. ढोल वाजला, नारळ झाला. साहेबांनी गटार पाहिलं, शाळेची मुतारी पाहिली, वहीत काहीतरी टिपलं. आणि मग चावडीसमोर थांबले. चुना वाळला होता, पण कोळसा त्यातून राखाडी होऊन वर आला होता, बुडालेलं काहीतरी फुगून यावं तसा.

"जगेल. कोण जगेल?" साहेबांनी विचारलं.

लांबून, गोठ्याच्या बाजूने, गाय हंबरली.

"पोरासोरांचा खेळ हो, सायेब," सरपंच म्हणाले.

साहेबांनी त्याच भिंतीवरचं गेरूचं घोषवाक्य पाहिलं, सकाळचं पहिलं, जे वृषालीने डिंपलचं बोलणं पुरतं आत उतरायच्या आधी सवयीने लिहून टाकलं होतं: स्वच्छता जपू, गाव जपू. मग तिच्या गेरूने माखलेल्या हाताकडे. "ज तोच दिसतोय. तूच का गं?"

कुणीतरी फिसकन हसलं. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग कोण? आणि गोठ्याची कडी... निघाली असती? की सरपंचांनी तिथल्या तिथे दुसरं काही रचून सांगितलं असतं? वृषालीला कळलं नाही. खिशात बोटांना टोपण लागलं.

"हो," ती म्हणाली. "मीच लिहिलंय."

"छान. पण अर्धवट का? झाड जगेल, गाव जगेल, असं पूर्ण लिहावं." साहेब पुढे गेले. सरपंचांनी तिची पाठ थोपटली. "लई हुशार हाय!"

पण डिंपल अर्धं पाऊल मागे सरकली होती. अर्धंच. गोजरबाईने कडेवरच्या थोरल्या नातवाचं तोंड पदराखाली घेतलं. आणि मागून कुणीतरी, हळूच, वाईट वाटून म्हटल्यासारखं म्हणालं, "चुलतीच्या वळनावर गेली जनू."

एका शब्दाने होतं तर. वर्षं लागत नाहीत. सकाळी मी गावाचं नाक होते.

उन्हं कलताना ती एकटी परत निघाली, बादली डिंपलने नेली होती. रस्त्याच्या कडेने चालतोय हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

"ए बाय, इकडं ये की."

गोजरबाईच्या दाराच्या फटीत हिरा उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, डोळे खोल गेलेले, छातीशी धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी, एवढंसं. बाळंतिणीच्या शेगडीचा आणि शेपांचा वास बाहेर आला.

"आत्याबाई देवळाकडं गेल्यात, तवर... आज पाचवी हाय. सकाळधरनं वाट बघतीया तुझ्या काकीची. बांधलंय व्हय?"

वृषालीने मान डोलवली.

"सगळ्यांच्या भिंतीवर लिव्हलं तिनं. माझ्याच न्हाई."

"पण तुम्ही सगळे तर पुसता ते," वृषाली म्हणाली. "येडी म्हणता तिला."

"म्हनतो की." हिराने बाळाकडे पाहिलं. "पुसायला आधी पायजे तर."

मग हळू आवाजात, "उद्या नेत्यात ना तिला? नका नेऊ म्हनावं."

"तुम्हीच सांगा ना सरपंचांना."

"मी सांगितलं तर मला बी नेतील," हिरा म्हणाली, आणि पदराआडून हात पुढे केला. हातात कोळसा होता, शेगडीतला, विझवलेला. "तू सायबाला म्हनलीस ना, मीच लिव्हलं म्हनून. मंग लिव्ह."

"ते खोटं होतं."

"असू दे. लिव्ह."

भिंत पांढरी होती, मीच पांढरी केलेली. शब्द केवढासा, तीन अक्षरांचा, मी तिसरीत शिकवलेला. पण कोळसा हातात घेतला आणि तो शब्द जड झाला, एवढा की खांद्यापर्यंत कळ आली. लिहिलं, आणि नाही जगली तर? उद्या बोट कुणाकडे वळेल ते माहीत होतं. त्याची भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटत नव्हती. भीती दुसरीच होती. धडप्यातल्या त्या मुठीएवढ्या तोंडाची. दिवसभर मी माझ्या हातात वेड शोधत होते, ज चेपत होते... आणि काकी, दारोदार, शेण आणि दगड खात, प्रत्येक घरासमोर हे एवढं उचलत होती? एकटी? आणि लिहून झाल्यावर रात्री झोपत कशी होती? की झोपतच नव्हती... गोठ्यात आत्ता ती जागी असेल. तिला ठाऊक असेल आज कुणाची पाचवी.

कोळशाचा हात भिंतीला टेकला. दुसऱ्या हाताची बोटं खिशातल्या टोपणाभोवती होती. ते काढून तिने दातात धरलं. खारट होतं. कोळसा अजून गरम होता.

धडप्यात बाळाने एक श्वास घेतला, आणि वृषाली हात वर धरून दुसऱ्या श्वासाची वाट बघत राहिली.